भरवशाच्या माणसाचा रकाना

बर्गडाल, मिनेसोटा
फेब्रुवारीतला रविवार, चर्चहून आल्यावर

आदरणीय आर्डिसताई यांस,

ऑरिनचा नमस्कार. तुमचा गुडघा आता काय म्हणतो? डॉक्टरांनी चालायला सांगितलं आहे असं नाताळच्या कार्डात लिहिलं होतंत. चालत असाल अशी आशा करतो, पण मी तुम्हाला ओळखतो, तेव्हा आशेपलीकडे जात नाही. तुमच्याकडे ॲरिझोनात म्हणे या दिवसांत म्हातारी माणसं अर्ध्या बाहीचा शर्ट घालून गोल्फ खेळतात. इकडे परवा रेडिओवाला म्हणाला, आज हवा जरा कोवळी आहे, म्हणून मी टोपी न घालता पेटीतलं टपाल आणायला गेलो आणि परत येईस्तोवर कान माझेच आहेत का हे हात लावून बघावं लागलं. बाकी मी ठीक आहे. आमच्याकडे ज्याला ठीक म्हणतात तसा ठीक आहे. उठतो, जेवतो, दारातला बर्फ काढतो. माझी मार्लिस गेल्यावर चर्चच्या बायकांनी जी भट्टीत भाजलेल्या बटाटे-मांसाच्या हॉटडिशची भांडी आणून दिली होती, ती फ्रीजरमध्ये रचून ठेवून मी बरेच महिने काढले. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. मी शिस्तीचा माणूस, एकेक भांडं रिकामं झालं की घासूनपुसून ज्याचं त्याला पोचवत गेलो. आता वाटतं, उगीच घाई केली. भांडी अडकवून ठेवली असती तर मागायला तरी कोणी आलं असतं.

हाताने लिहिलेला लिफाफा पाहून तुम्ही आधी खुर्चीत बसला असाल. (बसू नका. म्हणजे बसा, गुडघ्यासाठी बसा, पण कोणी गेलेलं नाही.) कागदावर लिहायचं कारण असं की आमचा मेलचा पत्ता मरायला टेकला आहे. तोच, टेलिफोन सोसायटीचा, ऑरिन-आणि-मार्लिस असा जोडनावाचा. आपल्या पिढीत नवरा-बायकोचा टपालाचा डबा एक, बँकेचं खातं एक, तसा मेलही एकच काढायची पद्धत होती. गावात सगळ्यांचे असेच जोडपत्ते आहेत. गॉर्डीची तिसरी बायको पहिल्या बायकोच्या नावाचा मेल आजतागायत वापरते आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही, कारण बदलायचं म्हणजे वेंडेलला फोन करावा लागतो आणि वेंडेलला त्रास द्यायला इकडे कोणाला आवडत नाही.

वेंडेल हॉगन म्हणजे आमच्या टेलिफोन सोसायटीचा मॅनेजर. वार्षिक सभा नेहमीसारखी शाळेच्या जिममध्ये झाली. हॅम होतं, बटाटे होते, लिंबाचा केक होता. मागच्या सभेचं इतिवृत्त मंजूर झालं आणि लकी ड्रॉची चिठ्ठी निघायची बाकी होती. त्या दोहोंच्या मधल्या फटीत वेंडेलने, घसा खाकरून, एका दमात सांगून टाकलं की सोसायटीची मेल सेवा या वसंतात बंद होणार, यंत्रं जुनी झाली, चोरभामटे रोज दार ठोठावतात, आपल्याला हे झेपत नाही, सभासदांनी आपापली सोय बघावी, धन्यवाद. मी उठणार होतो. खरंच उठणार होतो, आर्डिसताई. अर्धा उठलोही होतो, पण मागच्या टेबलावरच्या कोणाला तरी वाटलं की मी केकचा शेवटचा तुकडा घ्यायला उठलो आहे, आणि सगळं जिम माझ्याकडे पाहायला लागलं. (तो तुकडा तुम्हाला ठाऊक आहे. प्रत्येक जण त्याचा अर्धा घेतो, मग उरलेल्याचा अर्धा, आणि शेवटी ताटात नखाएवढा केक उरतो आणि तो आमच्याकडचा कोणीही खात नाही.) मी खाली बसलो. ठराव सर्वानुमते मंजूर झाला. लकी ड्रॉमध्ये मला वाफेवर भात शिजवायचं भांडं लागलं, सहा माणसांचं.

आता तुम्ही म्हणाल, यात रडण्यासारखं काय आहे, फुकटचा मेल जगात कुठेही मिळतो. गॉर्डी हेच म्हणाला. धान्याच्या कोठारासमोरच्या कॅफेत आम्ही सकाळी बसतो तिथे मी विषय काढला, की मला असा मेल पाहिजे जो कोणी फोडणार नाही आणि जो माझ्या मागेही टिकेल.

"तुझा मेल कोण फोडणार आहे?" गॉर्डी म्हणाला. "आणि फोडून वाचेल काय? बियाण्यांचा कॅटलॉग?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

"तत्त्व ठेव बाजूला. तुला शेवटचा मेल कोणाचा आला ते सांग."

मी कॉफी प्यायलो. लव्हॉन (पोस्टातून निवृत्त झाली तरी सगळ्या गावाचं टपाल अजून तिच्याच डोक्यात असतं) माझ्या मदतीला धावली. तिचं म्हणणं, फुकट मेलवाले पत्रं चाळतात. तिने बहिणीला कंबर दुखते म्हणून लिहिलं, तर दुसऱ्या दिवसापासून तिला कमोडच्या खुर्च्यांच्या जाहिराती. गॉर्डी म्हणाला, मग घेतलीस का? ती म्हणाली, घेतली, चांगली निघाली. असा तो मुद्दा वाहून गेला. गॉर्डीचा स्वतःचा अनुभव याहून वाईट. त्याने आजवर जितक्या कंपन्यांचा मेल घेतला तितक्या बुडाल्या, एक तर त्याने पत्ता सगळ्यांना कळवायच्या आतच बुडाली. त्याला कोणी विचारलं तर तो आता सरळ फोन नंबर सांगतो, आणि फोन उचलत नाही.

पण गॉर्डीचा तो प्रश्न मला घरी येईपर्यंत टोचत राहिला. शेवटचा मेल कोणाचा आला? तुम्हाला खरं सांगतो, आर्डिसताई, तुमचा. मांजरीच्या पिल्लाचं डोकं बुटात अडकलेला. मला माहीत आहे की ती पत्रं तुम्ही एका दमात पन्नास जणांना पाठवता आणि त्यांत माझ्यासाठी असं वेगळं काही नसतं. पण वर तुम्ही नेमाने लिहिता, "प्रिय ओ आणि एम." मार्लिस गेल्यावरही तुम्ही ते बदललं नाहीत. विसरलात की मुद्दाम ठेवलंत, मी विचारलं नाही, कारण विचारलं तर तुम्ही बदलाल. आता जगात आम्हा दोघांना मिळून हाक मारणारं दुसरं कोणी राहिलेलं नाही. बियाण्याची कंपनी नुसतं "प्रिय बागकाम मित्र" लिहिते. आणि हा पत्ता बंद झाला की तुमचं पत्र पन्नासांपैकी एकोणपन्नासांना पोचेल, एक परत फिरेल, आणि तुमच्या लक्षातही येणार नाही. मला काळजी होती ती याची. चोरभामट्यांची नव्हती. कॅफेत हे बोलणार कसं, म्हणून तत्त्व पुढे केलं.

तेव्हा मी ठरवलं की मेल असा निवडायचा जसा मी काउंटीच्या नोकरीत असताना रस्त्यावरचा बर्फ हटवणाऱ्या नांगराचा ट्रक निवडत असे. रंग बघायचा नाही. कंपनी किती जुनी, सुटे भाग किती वर्षं मिळतील, आणि मोडला तर फोन कोण उचलतो, एवढंच बघायचं. गावच्या वाचनालयात जोनेल नावाची ग्रंथपाल आहे (पाद्री लिंडग्रेन यांची सून; लिंडग्रेन म्हणजे तुमच्या वडिलांच्या नंतरच्या नंतरचे पाद्री), ती गुरुवारी आमच्यासारख्यांना संगणक शिकवते. तिने समजावलं ते मला चटकन पटलं. फुकट घेतलं तर गिऱ्हाईक तुम्ही नाही, जाहिरातवाला गिऱ्हाईक. चार पैसे भरले की निदान तक्रार करायची सोय. शिवाय पत्त्यातलं पाठचं, त्या @ खुणेनंतरचं नाव स्वतःच्या मालकीचं घेऊन ठेवायचं. म्हणजे नाव आपलं, डबा भाड्याचा. डबेवाला बुडाला तर नाव काखोटीला मारून दुसऱ्या डब्यात जायचं, लिहिणाऱ्याला काही कळतसुद्धा नाही. नाव किती वर्षांसाठी घेऊ, असं तिने विचारलं. जास्तीत जास्त दहा मिळतात. तिने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. (हल्ली मी रंगाचा डबासुद्धा लहान घेतो.) दहा घेतली. डबेवाला मी नॉर्वेमधला धरला, तिकडचे कायदे कडक आहेत म्हणून, आणि खरं तर आजोबांचं गाव तिकडे म्हणून. आजोबा तिथून उपाशी निघाले आणि आता नातवाची पत्रं तिथे उबेला जाऊन राहणार, याची मला गंमत वाटली. शंका विचारायला मी त्यांना आजोबांच्या भाषेत लिहिलं. त्यांचं इंग्रजीत उत्तर आलं, फार सौजन्याचं, की आपलं पत्र आम्ही कचेरीत सगळ्यांनी मिळून वाचलं, बकरीसंबंधीचा भाग कळला नाही. पत्रात मी बकरीविषयी काही लिहिलं नव्हतं.

मग आला पत्ता ठरवायचा क्षण. जोनेलने बोटं टेकवली आणि विचारलं, "नुसतं ऑरिन लिहू?"

"दोघांचं लिही," मी म्हणालो.

तिने वर पाहिलं नाही. दोन्ही नावं लिहिली, मध्ये रेघ काढली आणि नाक पुसलं. मी म्हणालो, वाचनालयात हीटर जरा जास्त आहे. ती म्हणाली, हो, फार जास्त आहे.

इथवर सगळं सुरळीत. पुढे संगणकाने गुप्त प्रश्न विचारायला सुरुवात केली, ज्यांची उत्तरं म्हणे जगात फक्त तुम्हालाच ठाऊक असतात. हे प्रश्न ज्याने काढले तो बर्गडालमध्ये एक दिवसही राहिलेला नाही. जोनेलने वाचलं, पहिल्या कुत्र्याचं नाव? मी तोंड उघडायच्या आत मासिकांच्या कपाटामागून लव्हॉन ओरडली, "टिपी! दुधाच्या गाडीखाली गेला बिचारा." आईचं माहेरचं नाव? वर्तमानपत्र वाचणाऱ्या दोघांनी एकदम सांगितलं, ते स्मशानात दगडावर कोरलेलंच आहे. पहिली गाडी? ती माझ्या घरामागे गवतात अजून उभी आहे, हमरस्त्यावरून दिसते, लोक वळण सांगताना तिची खूण सांगतात. लहानपणीचं टोपणनाव विचारलं तेव्हा मीच म्हणालो, जोनेल, पुढे चल. एक अनोळखी बाई पुस्तक परत करायला आली होती, तिलाही ते माहीत होतं.

शेवटचा प्रश्न उरला. जोडीदाराची पहिली भेट कुठे झाली?

"चर्चच्या मासळीच्या जेवणात!" लव्हॉन म्हणाली. "मी वाढायला होते. पाद्रीसाहेबांनी स्वतः ओळख करून दिली. हा ऑरिन इतका लाजला की त्याने बटाट्यांवर लोण्याऐवजी कस्टर्ड ओतून घेतलं."

सगळं वाचनालय हसलं. मीही हसलो. आणि जोनेलला म्हणालो, तू जरा तोंड तिकडे कर, हे मी स्वतः लिहितो. कारण त्याचं उत्तर गावात कोणालाच ठाऊक नाही, आर्डिसताई. ते तुम्हाला ठाऊक आहे. नांगरावरचा माझा पहिलाच हिवाळा, शेजारच्या काउंटीच्या रस्त्यावर खड्ड्यात कललेली पाद्रीसाहेबांची गाडी, स्टिअरिंगवर तुम्ही, आणि बर्फात उभी राहून मला बॅटरी दाखवणारी तुमची धाकटी बहीण, एका हातात नाचाचे बूट. मी काउंटीची साखळी लावून खासगी गाडी ओढली म्हणजे माझी नोकरी गेली असती. पाद्रीसाहेबांच्या मुली चोरून नाचाला गेल्या म्हणजे तुमचं तर सगळंच गेलं असतं. गाडी रस्त्यावर आली तेव्हा मार्लिस मला म्हणाली, "तू आम्हाला पाहिलं नाहीस." मी म्हणालो, "पाहिलं नाही." मग महिन्यांनी त्या मासळीच्या जेवणात तुमच्या वडिलांनी तिला माझ्यासमोर आणून उभी केली आणि आम्ही दोघं गंभीरपणे म्हणालो, भेटून आनंद झाला, आणि पलीकडे तुम्हाला ठसका लागला तो थांबेना. आम्ही सगळा संसार केला, पण हे कोणाला सांगितलं नाही. सुरुवातीला भीतीने नाही सांगितलं, नंतर सवयीने, आणि मग ते फक्त आपल्या तिघांचं आहे याचीच मजा वाटायला लागली. त्या रकान्यात मी त्या रस्त्याचं नाव लिहिलं. एक तरी गोष्ट गुप्त निघाली. संगणकाने हिरवी खूण दिली आणि मला वाटलं, झालं.

झालं नव्हतं. खाली आणखी एक रकाना होता, भरवशाच्या माणसाचा. तुम्ही पासवर्ड विसरलात आणि बाहेर अडकलात, तर त्या माणसाच्या फोनवर एक आकडा जातो, त्याने तो तुम्हाला वाचून दाखवायचा आणि मग दार उघडतं. जोनेल म्हणाली, हा रकाना रिकामा ठेवून चालत नाही. कोणाचा नंबर टाकू? मला पाठ असलेला एकच नंबर आहे. तो मी सांगितला. आकडा रवाना झाला आणि मग माझ्या ध्यानात आलं की तो फोन घरी स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये आहे, रबर बँड आणि जुन्या किल्ल्यांच्या शेजारी. (तिची लाइन मी अजून तोडलेली नाही. वेंडेलला फोन करावा लागतो.) आकडा दहा मिनिटं टिकतो. माझं घर गावापासून वीस मिनिटांवर. तरी मी निघालो. जन्मभर मी त्या रस्त्याचा बर्फ काढला आहे, मला वाटलं रस्ता माझी भीड ठेवेल. घरी पोचलो, ड्रॉवर उघडला, आकडा शिळा झाला होता. परत गेलो, जोनेलला नवा पाठवायला सांगितला आणि पुन्हा निघालो, या वेळी जास्त वेगाने, तर शेरीफच्या माणसाने थांबवलं. काय घाई आहे, ऑरिन? मी म्हणालो, घरी बायकोच्या फोनवर निरोप आला आहे. तो मार्लिसच्या दफनाला आला होता. त्याने टोपी काढली आणि माझ्या गाडीच्या पुढे आपली गाडी लावून मला दारापर्यंत पोचवलं. आकडा तरीही शिळाच.

तिसऱ्यांदा वाचनालयात शिरलो तेव्हा जोनेलने कोट घातला होता, बंद करायची वेळ झाली होती. तिने माझा हात धरून खुर्चीत बसवलं आणि हळूच म्हणाली, "ऑरिन, फोन उचलणारं माणूस लागतं हो."

मी म्हणालो, विचार करून सांगतो. घरी आल्यावर विचार केला. गॉर्डी फोन उचलत नाही. लव्हॉन उचलेल, पण आकडा माझ्या आधी सगळ्या गावाला कळेल. पाद्री दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. वेंडेलला त्रास कोण देणार. मूलबाळ आम्हाला नाही, ते तुम्ही जाणताच. सगळ्या काउंटीचे रस्ते मोकळे करणाऱ्या माणसाला एक नाव सुचू नये, हे मला फार लागलं. सहा माणसांचं भांडं समोर ठेवून मी मूठभर भात खाल्ला. एकटं वाटतं, आर्डिसताई. हे मी कॅफेत बोलत नाही आणि तुम्हालाही लिहिणार नव्हतो, पण शाईने लिहिलेलं खोडता येत नाही.

असो. तुमचा फार वेळ घेतला. विशेष असं काही नाही, सहज लिहायला बसलो होतो. तुमच्याकडून मला काही एक नको. गुडघ्याला जपा, उन्हात टोपी घाला, आणि ते गोल्फवाले गृहस्थ तुमची पिशवी उचलायला येतात असं कार्डात लिहिलं होतंत, त्यांना उचलू द्या.

तुमचा मेहुणा,
ऑरिन ट्वेट

ता. क. नवा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिला आहे. तुमच्या पन्नास जणांत जुना खोडून हा घालावा. दोन्ही नावं आहेत, तेव्हा "ओ आणि एम" तसंच चालेल. मांजरं चालतील. बुटातलं दुसऱ्यांदा आलं तरी चालेल.

ता. क. २. तुम्हाला न विचारता एक आगाऊपणा केला आहे. दुसऱ्या दिवशी परत जाऊन त्या रकान्यात मी तुमचं नाव आणि नंबर टाकला. भरवशाचा माणूस म्हणजे तुम्हीच आहात, ज्यांना तो रस्ता माहीत आहे आणि ज्यांनी इतकी वर्षं तोंड उघडलं नाही. जोनेल म्हणते, तुम्हाला करायचं काहीच नाही. फक्त मी पासवर्ड विसरलो की तुमच्या फोनवर आकडा येईल, पाठोपाठ माझा फोन येईल, तो उचलून आकडा वाचायचा. नको असेल तर तसं कळवा, मी वेंडेलला विचारीन.

ता. क. ३. या वयात माणूस पासवर्ड बराच विसरतो म्हणे. माझा अंदाज असा आहे की मी तो रविवारी विसरेन, चर्चहून आल्यावर, कॉफी ठेवली की लगेच. तेव्हा त्या वेळी फोनजवळ बसावं. आकडा दहा मिनिटं टिकतो, पण आकडा वाचून झाल्यावर लगेच ठेवलंच पाहिजे असा काही नियम नाही, मी जोनेलला विचारून घेतलं आहे.

ता. क. ४. पासवर्ड मला पक्का पाठ आहे. हे जोनेलला सांगू नका.